जेवणानंतरचा बिघाड

"चालतंय की, एजे," डॉक्टर एसेनबेक म्हणाले आणि त्यांनी माऊस आणखी दोनदा टिचकावला. "इथे टिचकी मारली, इथे गेलं. तिथे मारली, तिथे गेलं. कॉम्प्युटरमध्ये काही दोष नाही."

बुरुलचा हे तिचं नाव; एजे म्हणजे आमच्याकडे ताई. ती आपल्याच खुर्चीच्या बाजूला उभी होती. कानातले हेडफोन तिने गळ्यात उतरवले होते.

"तुम्ही माऊसनं जाता, डॉक्टर. तो पडद्यावर कुठे फिरतोय ते मला कसं कळणार? मी बाणांच्या बटणांनी जाते. ती दाबली की मी आहे तिथेच. नाव बदलत नाही, ओळ बदलत नाही."

"मग सकाळी कशी बदलत होती?"

तिनं खालचा बाण पुन्हा एकदा दाबून पाहिला.

आमचा दवाखाना किर्गिझस्तानात, नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे आणि मी इथे लस टोचणारी नर्स आहे. बुरुलचा एजे माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. चाळिशीत तिची नजर गेली. बिश्केकला अंधांसाठीच्या वर्गात चार महिने राहून ती कॉम्प्युटर शिकून आली, आणि तेव्हापासून मुलांच्या नोंदींचा तक्ता तिच्याच हातात आहे. ती बटण दाबते, कॉम्प्युटरमधली एक रशियन बाई तिच्या कानात चौकटीतला मजकूर वाचते, आणि एजे पुढे सरकते. डोळस माणसाला लाजवेल अशा वेगानं सरकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवराच्या लशी घेऊन माझी गाडी जाइलूवर निघायची होती. गावातली निम्मी घरं मेंढरं आणि घोडी घेऊन उन्हाळ्याच्या त्या कुरणांवर पोचली होती. दोनशे चौदा मुलं. दप्तरात ती गल्लीवार लिहिलेली. पण डोंगरात गल्ली कुठली? एजे दरवर्षी यादी ओढ्याच्या क्रमानं लावते: पहिला तंबू कोणाचा, वळणावर कोण, खिंडीखाली कोण. कोण कोणाचा मेहुणा आणि कोण कोणाशी बोलत नाही म्हणून तंबू लांब ठोकतो, हे सगळं तिच्या डोक्यात असतं.

डॉक्टरांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. माणूस वाईट नव्हता, पण फेब्रुवारीत नवीन आला होता आणि त्याला सगळंच घाईनं नीट करायचं होतं.

"एजे, स्पष्ट बोलतो. आठवड्यात ही चौथी वेळ. बदलीचा कागद तयार आहे, कोट ठेवायच्या खोलीवर. पगार तोच. पाचपर्यंत यादी झाली नाही तर मी सही करतो आणि यादी दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतो."

"उन्हाळ्यात कोट कोण घालून येतं, डॉक्टर?"

"हिवाळ्यात येतील."

ते गेले. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. एजे खुर्चीत बसली आणि तिनं दोन्ही हात कीबोर्डवर नुसते ठेवले.

"प्रोग्रामवाल्याला फोन करू का?" मी विचारलं.

"तो शुक्रवारी येतो. आणि आला की तोही माऊसच धरणार." तिनं हेडफोन कानांवर चढवले. "सोनून, तू रुग्णाला काय विचारतेस? कुठे दुखतं, कधीपासून, कधी थांबतं. तेच विचारू या."

मग ती तपासायला लागली. पत्र लिहायचा प्रोग्राम उघडला. तिथे बाण बरोबर चालले. म्हणजे बटणं मोडलेली नाहीत. मुलांचा तक्ता बंद करून औषधांचा उघडला. तिथेही तोच आजार. म्हणजे आपला तक्ता बिघडलेला नाही. एंटर दाबलं की ती खाली जात होती, टॅब दाबलं की बाजूला. फक्त चार बाण रुसलेले.

"तू पडद्याकडे बघ. मी खालचा बाण दाबते. काय होतं?"

मी पाहिलं. "अख्खा तक्ता वर सरकतोय गं. पण हिरवी चौकट आहे तिथेच, पहिल्या पोरावर."

"म्हणजे बाण काम करतायत. त्यांना भलतंच काम लावलंय कोणीतरी." ती बोटं मोजू लागली. "सकाळी ठीक, जेवणानंतर बिघाड. चारही वेळा. जेवायच्या सुट्टीत इथे काय होतं?"

"काय होणार? आपण दोघी खाली चहा आणि तळलेले बोर्सोक खायला जातो. कॉम्प्युटर चालूच असतो. धूळ बसू नये म्हणून मी कीबोर्डवर नमदा टाकते."

लोकर थापून करतात तसला तो नमदा मीच तिच्या वाढदिवसाला केला होता, गेल्याच आठवड्यात. लाल-काळी शिंगांची नक्षी, आणि उजव्या कोपऱ्यात शिवलेला तुमार. चामड्याचा तिकोनी ताईत, आत माझ्या आजोळच्या ओढ्यातला खडा. नजर लागू नये म्हणून आम्ही पाळण्याला बांधतो, घोड्याला बांधतो. कीबोर्डनं काय घोडं मारलंय?

"टाक बरं," एजे म्हणाली. "जेवायला जाताना टाकतेस तसाच. काही कमी नाही, काही जास्त नाही. मी हेडफोन काढत नाही."

मी नमदा पसरला. मग रोजच्या सवयीनं तुमारावर अंगठा दाबला आणि मनातल्या मनात म्हटलं, हिचे हात सुखरूप राहोत.

एजेनं मान वर केली.

"स्क्रोल लॉक बंद, म्हणाली बाई." तिचा आवाज बारीक झाला होता. "पुन्हा दाब."

मी दाबलं.

"चालू. तुझ्या तुमाराखालचं हे बटण लागलं की बाण चौकट सोडून अख्खा तक्ता सरकवतात, आणि रात्री कॉम्प्युटर बंद केला की ते आपोआप सुटतं." तिनं हेडफोन गळ्यात घेतले. "रोज दाबतेस?"

"रोज. जाताना, एकदाच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "एजे, तुला नजर लागू नये म्हणून गं."

"बाई रोज ओरडून सांगत असणार, आणि ऐकायला इथे कोणी नाही. हेडफोन टेबलावर, आपण चहाला." आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला मात्र रडूच आलं. तिचं बोट पकडून तिला घरी सोडणारी मी, आणि मीच रोज दुपारी तिचे पाय बांधून ठेवत होते.

"रडू नकोस. पावणेतीन झाले असतील. ते बटण दाब आणि तुझा नमदा माझ्या मांडीवर घाल, गुडघे गार पडलेत."

त्यानंतर दोन तास त्या खोलीत फक्त बटणांचा आवाज होता. मध्येच ती विचारायची, "सुयुनबाईच्या सुनेला जुळी झाली ना?" आणि मी हो म्हणायच्या आत पुढे गेलेली असायची.

पाचला दहा कमी असताना डॉक्टर आले. त्यांनी उभ्या उभ्याच पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पाहिली.

"हे ओढ्याच्या क्रमानं आहे?"

"गाडी ज्या क्रमानं जाईल, त्या क्रमानं. नाही तर ही सोनून परवापर्यंत डोंगरात पोरं हुडकत बसेल."

"काय बिघडलं होतं?"

"एक बटण चुकून दाबलं जात होतं."

"मी दाबत होते," मी म्हटलं. तिनं माझ्या चुकीवर पांघरूण घालावं हे मला सोसणारं नव्हतं. "त्यांची काही चूक नाही, डॉक्टर. एकदाही नव्हती."

 डॉक्टरांनी माऊस बाजूला सारला आणि खालचा बाण एकेकदा दाबत दहा-बारा ओळी खाली गेले. हेडफोनमधून बारीक आवाजात नावं येत होती.

यादी छापायला घेतली. सात पानं आली आणि आठव्याला प्रिंटर थांबला. कपाटातले कागद संपले होते, आणि नवे यायला सोमवार उजाडणार होता. डॉक्टरांनी खिशात हात घातला. घडी उलगडल्याचा आवाज एजेनं ऐकला आणि तो कोणत्या कागदाचा, ते तिला विचारावं लागलं नाही.

"फाडू नका," ती म्हणाली. "मागची बाजू कोरी आहे ना?"

"आहे."

"मग चालेल."

डॉक्टरांनी तो कागद मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केला. मग प्रिंटरपाशी जाऊन घुटमळले.

"कोरी बाजू वर ठेवायची की खाली?"

"खाली. आणि कडा डावीकडे टेकवा, नाही तर अडकतो."

त्यांनी कडा टेकवली. कागद आत गेला, आणि खिंडीखालची शेवटची सात मुलं त्यावर छापून बाहेर आली. मी पान हातात घेतलं. अजून गरम होतं.

"शेवटचं नाव वाच, सोनून," एजे म्हणाली.

मी वाचलं.

"बरोबर," ती म्हणाली आणि उद्याच्या कामासाठी नवा तक्ता उघडला.