जाड मुठीची सुरी

आमच्या कारखान्यात सुरी पास करायचा मान माझा. कारखाना म्हणजे घरामागची शेड, एक भट्टी आणि पाती घासायची दोन चाकं. नव्या कारागिराची पहिली सुरी आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात राहते. मी हो म्हटलं, तरच पात्यावर त्याचा शिक्का बसतो आणि पुढे त्याला स्वतःच्या सुऱ्या घडवता येतात. नाही म्हटलं, तर आणखी वर्षभर दुसऱ्यांची पाती घासत बसायचं. आमचे हे मालक असले, तरी या बाबतीत त्यांचं माझ्यापुढे काही चालत नाही. तसं इतर बाबतीतही फारसं चालत नाही.

या वेळी सुरी सुनेची होती. म्हणून तर मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. घरचं माणूस म्हणून सवलत दिली, की बाकीचे कारागीर पाठीमागे बोलणारच.

सुरी डोळ्यांसमोर आडवी धरून पाठ पाहिली. सरळ. टिचकी मारली, नाद स्वच्छ. आत कुठे चीर असती तर बद्द वाजलं असतं. पात्याचं पोलाद मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं. तिन्ही खिळ्यांवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. पाणी शिरेल अशी फट नाही. पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला गेला. नाव ठेवायला जागाच मिळेना, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडा रागच आला.

मग मूठ सापडली. भलतीच जाड.

"ही मूठ आहे की मुसळ?" मी सुनेला विचारलं.

"बघा की आई आठवडाभर वापरून," ती म्हणाली आणि भांडी पुसत राहिली.

असली सुरी बाजारात कोण घेणार? मी नापास करायचं ठरवूनच टाकलं. यांनी रदबदली करून पाहिली. "अगं, पहिलीच आहे तिची."

"म्हणूनच," मी म्हटलं.

शेवटच्या दिवशी लाल भोपळा चिरायला घेतला. हल्ली भोपळा म्हटला की माझ्या अंगावर काटा येतो. बोटांची पेरं सुजलीत. बारीक मूठ आवळून धरली की कळ कोपरापर्यंत जाते. घरात मी कुणाला बोलले नाही. एकदा बोललं, की हातातलं काम काढून घेतात आणि 'तुम्ही बसा हो' सुरू होतं. म्हणून दोन फोडी करायच्या, हात झटकायचा, पुन्हा दोन फोडी करायच्या, असं मी निभावून नेते. त्या दिवशी अख्खा भोपळा चिरून झाला तेव्हा लक्षात आलं, एकदाही हात झटकला नव्हता.

सून दारातच उभी होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. बरणीची झाकणं हल्ली तुम्ही मला उघडायला देता."

"मूठ जाड म्हणून मी नापास करणार, हे ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तुझं वर्ष जाणार, ते?"

"जाऊ दे. पुढची बारीक करीन."

मी सुरी धुऊन पुसून ठेवली. फार बरं वाटलं, आणि तितकीच लाज वाटली.

हे शेडमधून हात पुसत आले. "काय मग, काय ठरलं?"

"बाजारात चालणारी नाही," मी म्हटलं. "हिचा शिक्का मारा, आणि माझी सुरी मला परत आणून द्या."