बानूच्या फळीवरचा डबा

मित्रांनो, राहुरीजवळच्या एका वस्तीवर, बानूच्या स्वयंपाकघरात दाराशेजारच्या फळीवर जो जुना पत्र्याचा डबा दिसतो, तो मी. अंगावर पोचे आलेत, झाकण जरा कुरकुरतं. पण मला घडवलं ते चांगल्या हातांनी. बानूचे अब्बा इब्राहिम हे नगर शहरात तेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून, डाग देऊन सांधे जोडून त्यांतून नवे डबे करायचे. लेकीच्या लग्नात त्यांनी मला मुद्दाम बनवलं. तिच्या बोटाला कापू नये म्हणून माझी कड दुमडून, घासून गुळगुळीत केली.

सुरुवातीची वर्षं माझ्यात शेव असायची. मग एका संध्याकाळी बानूच्या नवऱ्याच्या, रिझवानच्या पायावर गरम तेल सांडलं, आणि नेमकी वीज गेलेली. बॅटरी सापडेना, स्वच्छ फडकं सापडेना. पाय बरा झाला, पण ती शोधाशोध बानूच्या मनातून जाईना. तिनं मला घासूनपुसून कोरडं केलं. बॅटरी, काडेपेटी, बँडेजची गुंडाळी, जुलाबावरची पाकिटं आणि जुन्या ओढणीची धुऊन इस्त्री केलेली फडकी माझ्यात आली. शेजारणी येऊन पाहून गेल्या. मला फार बरं वाटलं.

पण ते कौतुक फार दिवस टिकलं नाही. बॅटरीतले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले. बँडेज बानूच्या लेकीनं, अरफानं, शाळेच्या नाटकात जखमी शिपाई व्हायला नेलं, ते परत आलंच नाही. रिझवान हसून म्हणायचा, आपल्याकडे काय रोज संकट येतं का. माझ्यावर धूळ बसत गेली.

एका दुपारी शेजारून किंकाळी आली. कडबा तोडायच्या यंत्रात सत्यशीलाकाकूंचा हात गेला होता. त्यांचे यजमान रामहरी यांनी त्यांना कसंबसं ओट्यावर बसवलं. रक्त थांबत नव्हतं. कुणी हळद आणली, कुणी सुतळी. बानू मला काखेत मारून धावली. झाकण उघडून ती आत चाचपडली. गुंडाळी नव्हती. तिचा चेहरा उतरला, आणि मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या रिकामेपणाची लाज वाटली. तळाशी फडकी मात्र होती.

"हळद नका टाकू," बानू म्हणाली. "काकू, हात वर धरा. मी दाबून धरते. सोडनार न्हाई."

पहिलं फडकं भिजलं तेव्हा तिनं ते काढलं नाही. त्यावरच दुसरं ठेवून दाबलं. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन केला, पण गाडीला वेळ लागणार होता, म्हणून रिझवाननं जीप काढली. दवाखान्यापर्यंत बानूनं तो हात सोडला नाही. मी ओट्यावर उघडाच राहिलो. काकूंचं काय झालं, ते मला सांगायला कुणीच नव्हतं.

संध्याकाळी रिझवान परतला. मला उचलून घरी आणलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि वाटेत घेतलेले सेल, बँडेज माझ्यात ठेवले. त्याच्याकडूनच कळलं, काकूंच्या करंगळीचं टोक गेलं होतं. हात वाचला होता.

टाके निघाल्यावर काकू स्वतः आल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बानू, तू आलीस म्हनून भाकरी थापायला हात ऱ्हायला. माझ्या घरात बी असा डबा पायजे."

"आजच करू. पन काकू, त्यातलं काही कुनी काढलं, तर लगेच परत ठेवायचं. माझं तिथंच चुकलं हुतं."

त्याच दिवशी काकूंनी पापडाचा डबा रिकामा केला. तो आता त्यांच्या दाराशेजारी असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. आज त्याला खाली काढा. बॅटरी पेटते का बघा, औषधांवरची तारीख वाचा, घरात सगळ्यांना त्याची जागा दाखवा. आम्ही डबे हाक मारू शकत नाही. कुणी घाईनं आमचं झाकण उघडेल, तेव्हा त्याच्या हाताला काहीतरी लागू द्या, एवढंच मागणं.