दिवसा झोपायची खोली

"हळू, हळू! कोपरा घासतोय!" मिस्त्री ओरडले आणि टेम्पोतून उतरणारी ती सागवानी भिंत गल्लीच्या मधोमध थबकली. गल्ली एवढी अरुंद, की भिंतीच्या अलीकडचे लोक अलीकडेच अडकले आणि पलीकडचे पलीकडे. समोरच्या शिवणवाल्या काकूंनी मशीन थांबवून खिडकीतूनच विचारलं, "मिस्त्री, कपाट का?"

"नाही."

"मग?"

"लिफ्ट."

काकूंनी एकदा मिस्त्रींच्या बैठ्या घराकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. "आणि जाणार कुठे ही?"

मिस्त्री भिंतीचा अडलेला कोपरा सोडवायला वळले. उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं त्यांचं. कापडाच्या एका गोदामात गाठी चढवायची जुनी लाकडी लिफ्ट होती. ती काढून पोलादी बसवायची ठरली आणि जुनीची फळी न फळी जळणात जाणार होती. मिस्त्रींनी ती मागून घेतली. सुटी करण्याआधी कुणी नाही असं बघून ते तिच्यात एकदा लांब आडवे होऊन आले होते. ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

घर दोन खोल्यांचं. मिस्त्री, त्यांची बायको, मुलगा, सून आणि नुकती पावलं टाकायला लागलेली नात. मागे अंगण म्हणायचं तर नळ, धुण्याचा दगड आणि मोडका कूलर. बायको इस्पितळात नर्स. मुलगा लहान असताना दिवसा घरी राहता यावं म्हणून तिने रात्रपाळी मागून घेतली होती, ती पुढे तशीच चिकटली. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची आणि ऐकून ऐकून मिस्त्रीही तेच म्हणायला लागले होते. काकू यावरून त्यांना आजही सोडत नसत.

सकाळी पाळीवरून परत आलेल्या सिस्टरने अंगणातला ढीग पाहिला. "घरात पाय ठेवायला जागा नाही आणि तुम्ही गोदाम उचलून आणलंत?"

"गोदाम नाही. नुसती लिफ्ट."

"माझ्या पाठीत एवढी कळ नसती ना, तर बोलले असते," असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडली.

मिस्त्रींनी कूलर भंगारात दिला आणि कामाला लागले. कुठल्याशा पाडलेल्या भिंतीच्या विटा आणून त्यांवर लिफ्टचा तळ ठेवला. भिंती दुहेरी केल्या आणि मधल्या पोकळीत काकूंकडच्या चिंध्या ठासून भरल्या. चिंध्या कशाला, हे काकूंना जाणून घ्यायचं होतं, पण मिस्त्रींच्या तोंडात खिळे असायचे आणि तोंडात खिळे असले की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

सुनेला मात्र राहवलं नाही. छोटी घरं कशी सजवायची, याचे व्हिडिओ ती फोनवर तासन् तास बघायची. "बाबा, छपराखालच्या फटीत बाटल्या बसवू या? औषधांच्या, हिरव्या नि तपकिरी. चुन्यात."

"उजेड येईल की."

"थोडासा. पाण्याखालून दिसतो ना, तसा."

मिस्त्रींनी एक बाटली उन्हात धरून फिरवून पाहिली. मग दुसरी. "बसव," ते म्हणाले.

तिथून दोघांचं जमलं. पत्र्याच्या छपरावर त्यांनी बोटभर मातीचा थर दिला आणि त्यात ऊन सोसणारी, जाड पानांची बुटकी रोपं लावली. छप्पर तापू नये म्हणून. भाज्या धुतलेलं पाणी त्यांना घालायचं, असं ठरलं. पडद्यांसाठी सुनेने जुन्या चादरी कांद्याच्या सालींत उकळल्या. रंग कसा येईल हे तिलाही माहीत नव्हतं. त्या पिवळ्याधमक निघाल्या, तेव्हा ती पातेल्यापाशीच नाचली.

"पोरीला खेळायला खोली होतेय," ती नवऱ्याला म्हणाली.

"खेळायला? माझं ऑफिस आहे ते," तो म्हणाला. घरून काम करताना त्याला लॅपटॉप स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवावा लागे. मनातल्या मनात त्याने तिथे टेबलही मांडलं होतं. "बाबा, प्लग पॉइंट कुठे देताय?"

"देत नाही."

"मग लॅपटॉप कुठे लावू?"

"ही सिस्टरची खोली आहे," मिस्त्री म्हणाले. "दिवसा झोपायची."

बाळ डबा वाजवत होतं, तो सुनेने हळूच काढून घेतला.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मिस्त्री पहिल्यांदाच भर दिवसाचे घरी राहिले होते. तेव्हा त्यांनी पाहिलं. घरात कुणी असो-नसो, बेल वाजली की सिस्टरच उठायची, दार उघडायची, कुणाचं पार्सल किंवा निरोप घ्यायची आणि परत पडायची. जरा डोळा लागतोय तोच पुन्हा बेल. तिची झोप अशी तुकड्यातुकड्यांनी व्हायची आणि ती त्यालाच झोप म्हणायची.

खोली तयार झाली त्या सकाळी त्यांनी तिला हाताला धरून मागे नेलं. तिने भिंतीवरून हात फिरवला, गादी दाबून पाहिली, बाटल्यांवर धूळ आहे का ते पाहिलं. वॉर्डाची पाहणी करावी तसं सगळं नीट निरखून ती म्हणाली, "अहो, चार महिन्यांनी रिटायर होतेय मी."

"माहितीय."

"मग आता कशाला?"

मिस्त्रींनी पडद्याची दोरी उगीच सारखी केली. "चार महिने तर झोप."

ती हसली नाही, पण चप्पल बाहेर काढून आत गेली. मिस्त्रींनी जाळीचं दार सरकवलं, त्यावरचं लाकडी दार लावलं. घरात सगळे चवड्यांवर चालू लागले. काकूंनी तर आपण होऊन मशीन बंद ठेवलं.

जेमतेम अर्धा तास झाला असेल. दार धाडकन उघडलं. केस मोकळे, नजर भेदरलेली. "काय झालं? बाळ कुठेय?"

"इथेच आहे, आई. काही नाही झालं."

"मग एवढं शांत का?" बाळाला बघितल्यावर ती पायरीवर बसली. "वॉर्डात असं चिडीचूप झालं ना, की आम्ही धावत सुटतो."

मिस्त्री चिंध्या भरलेल्या त्या भिंतींकडे बघत राहिले. एवढा खटाटोप, आणि एक साधी गोष्ट विचारायची राहून गेली होती. ते तिच्या शेजारी बसले.

"मग कुठला आवाज चालतो तुला?"

सिस्टर विचारात पडली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "कुकर चालतो," ती सावकाश म्हणाली. "काकूंचं मशीन चालतं. बाळ हसलेलं चालतं, रडलेलंसुद्धा, थोडं. बेल नाही चालत. बेल वाजली की मी उठतेच."

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पुढच्या दाराची बेल वायरसकट काढून टाकली. मुलाने दारावर कागद चिकटवला, कडी वाजवू नये, हाक मारावी, तीही हळू. सुनेने गॅसवर कुकर चढवला. काकूंना निरोप गेला आणि समोरून मशीनची टकटक सुरू झाली. सिस्टर पुन्हा आत जाऊन पडली. लाकडी दार उघडंच ठेवून मिस्त्रींनी फक्त पिवळा पडदा ओढला.

कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा त्यांनी पडदा बोटभर बाजूला केला. तिने झोपायची धडपड केलेली त्यांनी पाहिली होती, पण अशी झोपलेली ती भर दिवसा त्यांना कधी दिसलीच नव्हती. हिरवट उजेड तिच्या सुजलेल्या पावलांवर पडला होता. तोंड अर्धवट उघडं होतं. उजव्या हाताची दोन बोटं तिने आपल्याच डाव्या मनगटावर टेकवली होती, नाडी बघावी तशी. श्वास संथ चालू होता, बोटं अजिबात हलत नव्हती.

मिस्त्री गुडघा ठणकायला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.