बाहुलीचा माग

सिद्धलिंगप्पा सरांनी शब्दकोशावर भिंग धरलं आणि जाड बोटानं ओळ दाबून ठेवली. सुटली तर पुन्हा सापडायची नाही.

शेजारच्या आठवीतल्या आरोहीनं सकाळी त्यांना गल्लीतच अडवलं होतं. "सर, प्यूपिल म्हणजे विद्यार्थी, आणि डोळ्यातली बाहुलीही प्यूपिलच. असं का?"

संध्याकाळी फोन करून सांगतो, असं सर ऐटीत म्हणाले होते. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण 'मला माहीत नाही' हे वाक्य काही त्यांच्या तोंडात बसलं नव्हतं.

अर्धं कोडं सुटलं होतं. लॅटिनमध्ये 'पूपा' म्हणजे मुलगी आणि बाहुलीसुद्धा. त्यावरूनच लहान पोर, मग गुरूच्या हाताखालचं पोर. त्याच्याही मागे ग्रीक लोक डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला 'कोरे' म्हणत, म्हणजे पुन्हा मुलगीच. पण ही मुलगी डोळ्यात शिरली कशी? इथं कोश मुका. बरं, रोमवाल्यांनी ग्रीकांचं उचललं म्हणावं, तर मराठीत बाहुली कोणी आणून ठेवली?

पत्नी दाक्षायणीबाई औषधाची बाटली घेऊन आल्या. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवावर आलं होतं, थेंब चुकवून चालणार नव्हतं.

"मान वर करा. हलू नका, कण्णपापे दिसू द्या."

"घ्या, कानडीतही बाहुलीच!" सर वैतागले. "पण का गं?"

"का म्हंजे? मी दिसते की हितं. एवढीशी, बाहुलीगत." बाईंनी थेंब सोडला. "एक्केचाळीस वर्सं झाली लग्नाला. तुमी कदी एवढ्या जवळून बगितलंच न्हाय व्हय?"

सरांनी खरंच बघितलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं.

डोळे निवळल्यावर त्यांनी बायकोला खिडकीशी उजेडात बसवलं आणि तोंड अगदी जवळ नेलं.

"दिसलं का?"

"दिसलं. टकल्या आहे एक."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. सर बराच वेळ तसेच बघत राहिले. मग त्यांनी आरोहीला फोन लावला.

"हे बघ बाळ, मला काही ते आलं नाही. ज्यांना आलं त्यांच्याकडे देतो."

सातवीत शाळा सुटलेल्या दाक्षायणीबाईंनी हात पुसून फोन कानाला लावला.

"आरोही, आई हाय का गं घरात? जा, आदी तिच्याजवळ जाऊन बस."