तारेचं टोक

अल्लीपूरच्या शिवारात शिरताना रूपरावाला आधी डबड्याचा खडखडाट ऐकू आला, आणि मग ज्वारीवरून गेलेली ती तार दिसली. तिथेच तो थांबला. आठ महिने तो ही भेट टाळत आला होता. रजेवर येऊनही चार दिवस घरीच काहीबाही करत बसला, शेवटी बायकोनेच हुसकलं. पलटणीत धीट म्हणून नाव कमावलेला गडी, पण तिथेच गेलेल्या सोबत्याच्या, श्रावणच्या, आईसमोर जायचं म्हटलं की तो काहीतरी काम काढून बसायचा.

श्रावणची आई, जयवंताबाई, मचाणावर बसली होती. कणसं भरली होती आणि पाखरांना तर जणू आमंत्रणच गेलं होतं. शेताच्या पार पलीकडच्या खांबाला रॉकेलचं रिकामं डबडं टांगलेलं. मचाणावरून तारेला हिसका दिला की ते तिकडे खडखडायचं आणि थवा उठायचा. पूर्वी तारेच्या जागी सुतळी असे. ती भिजून कुजायची, उंदीर कुरतडायचे, आणि हटकून कुठेतरी अडकायची. मग ही बाई ओरडायची, "श्रावण, टोक पाह्य रे!" आणि श्रावण ज्वारीच्या धाटांतून वाट काढत पळत सुटायचा. पलटणीत हे त्याने रूपरावाला इतक्यांदा सांगितलं होतं की रूपरावाला हे शेत न बघताच पाठ झालं होतं.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. ये बाबू, वर ये. किती वाट पाह्यली तुही." तिने सरकून जागा केली आणि तारेवर हात ठेवला. "हे पाह्य. पलटनीतून त्याची पेटी आली, तिच्यात निंघाली. म्या मास्तरकडून चिठ्ठी लिहून मांगतली होती ना, बारीक तार भेटली तं आनजो म्हनून. पोरानं आठवन ठेवली बावा."

रूपरावाने मान हलवली. ते भेंडोळं त्यानेच आपल्या हाताने पेटीत ठेवलं होतं.

"पन कायची तार हाये हे? गावात कोनालेच सांगता येत नाई."

हा प्रश्न सोपा होता. रूपराव त्याला बुडत्यासारखा धरून बसला.

"रनगाडा म्हंजे लोखंडाचं चालतं घर, मावशी. त्याले फोडाचा बान असते, त्याची तार हाये हे. बान पेटीत घालून एक मानूस पाठीवर नेते. बंदुकीची गोळी एकदा सुटली का मांगून वळवता येत नाई. याले येते. बान जमिनीवर ठेवाचा, आन मानसानं दूर आडोशाले बसाचं, हातात एक दांडी घेऊन. बान उडाला का त्याच्या मांगून दोन तारा उलगडत जाते. शेपटाले दिवा जळते. मानूस दिव्याकडे पाह्यते, रनगाड्याकडे पाह्यते, आन दांडी हालवते. दांडी डावीकडे केली का तारेतून तसा हुकूम जाते, बान डावीकडे वळते. रनगाडा पळाला तरी त्याच्या मांगं वळते. फक्त बान लागेलोक नजर हटवाची नाई."

"म्हंजे माह्या डबड्यावानीच. इथून हिसका, तिकडं आवाज."

"हो, तसंच."

"आन मंग तार?"

"पडून राह्यते रेतीवर."

जयवंताबाईने डोळ्यांवर हात धरून दूरच्या खांबाकडे पाहिलं. बाई अडाणी होती, पण शेतात राहून तिला एक सवय लागली होती. कुठल्याही दोरीचं दुसरं टोक कुठे आहे, ते तिला कळावं लागे.

"त्याच्या टोकाले काय राह्यते, रूपराव?"

श्रावणच्या मृत्यूच्या सरकारी कागदावर फक्त 'अपघात' एवढंच होतं. खोटं बोलायची संधी अजून होती आणि ती घ्यावी असं रूपरावाला फार वाटलं. पण तिचा हात तारेवरच होता.

"बान फुटला तं काई नाई राह्यत. पन एखादा फुटत नाई, मावशी. तसाच रेतीत दबून राह्यते."

मग त्याने सगळं सांगितलं. परक्या मुलखात, सिनाईच्या वाळवंटात, दुसऱ्यांची लढाई त्यांची पलटण पोचायच्या आधीच संपली होती. हे तिकडे गेले ते शांतता राखायला. जमिनीवरची कुठलीही वस्तू उचलायची नाही, असा हुकूम सगळ्यांना वाचून दाखवला होता. पण आईची चिठ्ठी आली आणि रिकाम्या वेळात श्रावण तार गोळा करू लागला. त्या दिवशी रूपराव गुंडाळत होता आणि श्रावण शेजारी बसून गावच्या गोष्टी सांगत होता. तार मध्येच ताठ झाली. दुसरा कोणीही असता तर तिथेच तोडून मोकळा झाला असता, पुरेशी तर झालीच होती. पण श्रावण याच शेतात वाढलेला. हसला, "थांब, टोक पाह्यतो" म्हणाला आणि पळाला.

"मीच म्हनलो, अटकली. मी नसतो म्हनलो तं तो उठलाच नसता." रूपराव लहान पोरासारखा रडायला लागला.

जयवंताबाईने तारेवरचा हात चटका बसल्यागत मागे घेतला.

"सुतळी भेटत नव्हती का हिंगनघाटच्या बजारात?" ती म्हणाली. "तार काऊन मांगतली म्या?"

आणि मग तीही रडली, पदर तोंडात कोंबून. पेटी आल्यापासून तिने या तारेवरून मायेने हात फिरवला होता. आता तिला स्वतःच्याच हाताची किळस वाटत होती.

तेवढ्यात मोठा थवा येऊन ज्वारीवर बसला. सवयीने तिचा हात गेला आणि हिसका बसला. आवाज झाला नाही. तिने पुन्हा ओढलं. तार कुठेतरी अडकली होती.

रूपराव डोळे पुसत मचाणावरून उतरू लागला. "थांब मावशी, मी पाह्यतो."

तिने त्याची बाही घट्ट पकडली.

"बस बाबू. खाऊ दे पाखरांले. टोकाले कोनी जाचं नाई."