मागच्या घरात कोण राहतं

विमा कंपनीच्या पत्राला आपण उत्तर दिलंच नाही, हे पुंजाराम सरांना आठवलं, तेव्हा मागच्या घराचे दोन पत्रे अवकाळी पावसाच्या वाऱ्यानं उडून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटात पडले होते.

पत्र दिवाळीच्या सुमाराचं. कंपनीचा माणूस घर बघायला आला होता. मागच्या अंगणात बांधलेल्या दोन खोल्यांना वेगळं स्वयंपाकघर आहे, वेगळं मीटर आहे, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. मग पत्र आलं. मागच्या घरात कोण राहतं, कुटुंबातली व्यक्ती की भाडेकरू, ते कळवा. तोवर त्या घराचा विमा धरला जाणार नाही.

प्रश्न साधाच होता. पण सरांचा जन्म मंठ्याच्या शाळेत ग्रंथालय सांभाळण्यात गेलेला. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मागच्या घरातल्या जावयाला कुठल्या कप्प्यात ठेवावं, ते मात्र त्यांना उमगेना.

लेक शीतल सरकारी दवाखान्यात नर्स. तिची बदली मंठ्याला झाली, तेव्हा जावई कल्याणनं पिंपळगाव रेणुकाईचं मोटार रिवायंडिंगचं दुकान इकडं हलवलं. पण सासऱ्याच्या दारात राहायला तो एकाच अटीवर तयार झाला : भाडं घ्यायचं. घरजावई म्हणवून घेणं त्याला मरणाहून वाईट. पहिल्या तारखेला तो ओट्यावर चारचौघांदेखत सरांच्या हातात पैसे ठेवायचा. शेजारचे अप्पाराव तंबाखू मळत मुद्दाम थांबायचे.

"वा पाव्हणे! सासऱ्याला भाडं देणारा जावई पयल्यांदाच पाह्यला."

"घर कुणाचंबी असू द्या काका, आपुन फुकट राहात न्हाई."

आणि तेच पैसे सरांच्या पत्नी सगुणाबाई दोन-चार दिवसांत गुपचूप शीतलच्या मुठीत कोंबायच्या. लेकी-जावयाकडून भाडं खायचं म्हणजे पाप, हे त्यांचं ठाम मत. शीतल ते किराण्यात घालायची. कल्याणला याचा पत्ता नव्हता.

आता भाडेकरू लिहावं, तर भाडं घरात राहतच नव्हतं. कुटुंबातला लिहावं, तर कल्याण कागदोपत्री घरजावई. सरांनी किती कागद लिहिले आणि फाडले. शेवटी उत्तर राहूनच गेलं.

कल्याण शिडीवर चढून उघड्या छताकडं बघत होता. खाली शीतल भिजलेल्या गाद्या वाळत घालत होती.

"मामा, इम्यात बसंल ना हे?"

"समोरचं घर बसलं असतं."

"आन मागचं?"

"त्यांनी विचारणा केली होती. मी उत्तर दिलं नाही."

"काऊन?"

सर चष्मा पुसू लागले. सगुणाबाई कडाडल्या, "आवं, सांगून टाका काय ते! नुसतं चष्मा पुसून राह्यले."

आणि सरांनी सांगून टाकलं. "जावईबापू, तुम्ही देता ते भाडं आमच्याकडं राहत नाही. शीतलकडं परत जातं. मग भाडेकरू म्हणून खोटं कसं लिहू?"

सगुणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. शीतलनं गादीकडं तोंड फिरवलं. कल्याण एकेक पायरी उतरून खाली आला.

"म्हंजी दोन वर्सं माहाच पैसा मी इकडून तिकडं नेऊन राह्यलो? आन ते अप्पाराव काका तोंड भरून वा वा करतेत!"

तो गेला, तो दुकानावर. दुपारी जेवायला आला नाही. डबा पाठवला, तो तसाच परत आला.

"झालं समाधान?" सगुणाबाई म्हणाल्या. "आता पोरीला घिऊन गेला म्हंजी बसा पुस्तकं वाचत."

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. एकुलती लेक हाकेच्या अंतरावर होती. एका खऱ्या वाक्यापायी ती दूर जाणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. न बोलतो तर बरं झालं असतं, असंही वाटलं. पण विमा मात्र खोट्यावर घेववत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याण स्टँपपेपर घेऊनच आला.

"मामा, भाड्याचा करारनामा लिहा. भाडं तुमच्याकडंच राहीन, मामींनी परत देयाचं न्हाई. कबूल असंल तर राहतो. न्हाईतर मोंढ्याजवळ खोली पाहून आलोय."

"आवो पाव्हणे, लेकीचा पैसा खाल्ला तर पाप..."

"पाप माह्या डोक्यावर, मामी. सणावाराला लेकीला साडी घ्या, मी आडवा येत न्हाई. भाडं आलग."

"जावई हाये का वकील!" सगुणाबाई पुटपुटल्या; पण चहाचं आधण ठेवलं.

सरांनी सुवाच्य अक्षरात करारनामा लिहिला. कल्याणनं तो बोट फिरवत वाचला आणि एका ओळीवर थांबला.

"छपराची दुरुस्ती घरमालकानं करायची. तुमीच लिव्हलं हे. मंग पत्रे जल्दी टाका, घरमालक. ऊन डोक्यावर यिऊन राह्यलं."

शीतलला हसू फुटलं. सरही हसले, जरा उशिरानं.

"तुमच्या फ्रिज-कपाटाचा विमा माझ्या कागदात येणार नाही," सर म्हणाले. "तो तुमचा तुम्ही काढायचा."

"काढतो. बराबर हाये."

साक्षीदार म्हणून अप्पारावांना बोलावलं. दोघांच्या सह्या बघून ते म्हणाले, "म्हंजी आतापसवर काय चालू व्हतं?" सगुणाबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप ठेवला.

मग सरांनी कंपनीला लिहिलं : मागच्या घरात माझे जावई भाड्याने राहतात. कराराची प्रत सोबत जोडली आहे. नुकत्याच उडालेल्या पत्र्यांबद्दल माझी काही मागणी नाही. वाढीव हप्ता कळवावा.

"जावई" हा शब्द लिहू की नको, म्हणून ते अडले. त्यांनी कागद कल्याणपुढं धरला.

"राहू द्या," कल्याण म्हणाला. "हायेच की मी जावई."

भर उन्हातच सर पोस्टात गेले, पाकीट रजिस्टर केलं आणि पावती खिशात घालून पत्रेवाल्याच्या दुकानाकडं वळले.