माझ्या बिजागरीला तेल लावू नका

मी एक जुने दार आहे. माझ्यामागे खोली नाही, पुढे अंगण नाही आणि मला कुलूपही नाही. तरीही मित्रांनो, एकेकाळी मी उघडले की अख्ख्या इटलीच्या पोटात गोळा येत असे. ही बढाई नव्हे. ते माझे काम होते आणि ते मी चोख केले. आता सगळे म्हणतात, तू म्हातारे झालेस, गप्प उभे राहा. मी गप्प राहणार नाही. माझी सगळी हकिकत तुम्हाला ऐकावीच लागेल.

माझा जन्म रोमजवळच्या टेकड्यांवर, वेल्लेत्री गावात झाला. चेस्टनटचे घट्ट लाकूड आणि गावच्या लोहाराने घडवलेल्या दोन बिजागऱ्या. त्या लोहाराने बिजागरीतली खुंटी जरा जाड घडवली, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून करकरत होते. मला एका खानावळीच्या तळघराला बसवले. तळघरात वाइनची पिंपे होती. खानावळीचा मालक चोरून प्यायला उतरला की मी ओरडत असे आणि त्याची बायको दोमितिल्ला पळी घेऊन धावत येत असे. मालक माझ्या बिजागरीला गुपचूप तेल लावी. दोमितिल्ला चुलीतली राख आणि आंबलेली वाइन घेऊन ते तेल खरवडून काढी. त्या दोघांचा संसार माझ्या आवाजावर चालला होता, असे म्हटले तरी चालेल.

एका रविवारी तिथे आमिल्कारे नावाचा माणूस जेवायला आला. हा रोममध्ये सिनेमांसाठी पावलांचे, वाऱ्याचे, दारांचे आवाज करून देणारा माणूस. मी करकरले आणि त्याने तोंडापर्यंत नेलेला पेला खाली ठेवला. तो उठून माझ्याजवळ आला, मला पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. मग त्याने मालकाला सांगितले, हे दार मला द्या, बदल्यात नवेकोरे दार बसवून देतो, अगदी मुके. मालकाला आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असे झाले. दोमितिल्ला मात्र फुरंगटली. मला गाडीवर चढवताना ती आमिल्कारेला म्हणाली, "घेऊन जाताय तर जा. पण याला तेल लावून गप्प करणारे पुष्कळ भेटतील. तसं झालं तर राख आणि आंबट वाइन. विसरू नका."

आमिल्कारे हसला. त्याला ती गंमतच वाटली.

रोममध्ये मला एका लाकडी चौकटीत बसवून एका बंद खोलीत उभे केले. त्या खोलीत फाटके बूट होते, साखळ्या होत्या, रेतीची पेटी होती, कोबीचे गड्डे होते. समोर पडदा होता. आमच्याकडे सिनेमा मुकाच टिपत. चित्रीकरण चालू असताना बाजूला सुतार खुशाल ठोकाठोक करत. नायिका एका देशाची, खलनायक दुसऱ्या देशाचा, जो तो आपापल्या भाषेत बोले. मग तो मुका सिनेमा आमच्या खोलीत येई आणि इथे त्याच्यात प्राण घातला जाई. नटांच्या तोंडी दुसऱ्यांचे आवाज बसत. पावले, वारा, पाऊस आणि सुरीचा घाव आमिल्कारे आणि त्याची पुतणी एर्सिलिया करत. ही एर्सिलिया मोठी जहांबाज. पडद्यावर खून व्हायचा आणि इथे ती कलिंगडात सुरी खुपसायची. काम संपल्यावर खून झालेले ते कलिंगड सगळे मिळून खात.

सुरुवातीचे सिनेमे काळेपांढरे होते. रोमबाहेरचा तोच तो किल्ला, त्याच मेणबत्त्या, जमिनीवर लोळणारे धुके आणि पांढरीफटक बाई. पडद्यावरचे दार हत्ती जाईल एवढे, आवाज मात्र माझा. पण गंमत पाहा, हे सगळे स्कॉटलंडात घडते असे सांगत. पडद्यावर नावेही इंग्रजी लावत. आमचे दिग्दर्शक ओत्तोरिनो काम्पानेल्ला जाहिरातीत जॉर्ज व्हिटलो होत. आमिल्कारेचेही असेच काहीतरी बारसे केले होते. त्याची आई शेजारपाजारच्या बायका घेऊन सिनेमाला गेली आणि मुलाचे नाव दिसले नाही म्हणून तिथेच भांडली. निर्मात्याचे म्हणणे असे, की इटलीच्या भुताला कोण भिणार? इथली कुठलीही मावशी त्याला बसवून घेईल, म्हणेल किती वाळलास रे, आणि पुढ्यात शेवयांचे सूप ठेवील.

मला याचा राग येई. मी वेल्लेत्रीचे दार. माझ्या आवाजात तिथली ओल होती, दोमितिल्लाची पळी होती. स्कॉटलंड मी कधी पाहिलेही नाही.

पुढे सिनेमात रंग आले. मग आमच्या लोकांनी जे केले ते कुणीच केले नव्हते. खोलीत दिवा नसला तरी भिंत रक्तासारखी लाल आणि जिना निळा. काळ्या हातमोज्यातला हात दिसे, पण खुन्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नसे. खून होत असताना मागे अंगाईसारखे गोड गाणे वाजे. टीकाकार लिहीत, कथेला ना शेंडा ना बुडखा. धर्मगुरू म्हणत, पोरे बिघडतील. लिहू देत, म्हणू देत. मी विचारते, तुम्ही रात्री घाबरून उठता तेव्हा स्वप्नाला शेंडा-बुडखा विचारता का? आमचा सिनेमा तसाच होता. तो कारण सांगत बसत नसे, तो सरळ छातीवर बसत असे. मी त्या सिनेमाचे चाकर आहे आणि मला त्याची लाज कधी वाटली नाही.

आता ओत्तोरिनोंविषयी सांगते. सगळ्या देशाला घाबरवून भाकरी मिळवणारा हा माणूस स्वतः एक नंबरचा भित्रा होता. जांभळा सदरा घातलेल्या माणसाला तो खोलीत येऊ देत नसे. सतरा हा आमच्याकडे अशुभ आकडा, त्या तारखेला शुक्रवार आला की तो अंथरुणातून उठत नसे. रस्त्यात चर्चची जोगीण दिसली की लगेच लोखंडाला हात लावी. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे लोखंडाला हात लावायची रीतच आहे. त्याच्या पहिल्या सिनेमाच्या वेळी जवळ दुसरे लोखंड नव्हते, म्हणून त्याने माझ्या वरच्या बिजागरीला बोट लावले. सिनेमा धो धो चालला. झाले! तेव्हापासून प्रत्येक सिनेमाच्या आधी सगळ्यांनी माझ्या बिजागरीला हात लावायचा असा पायंडाच पडला. आवाज देणारे नट, वादक, चहाकॉफीवाला, निर्माता, एकजात सगळे. देवळातल्या पायरीवर नसेल एवढी माझ्यापुढे रांग लागे. मी मनातून सुखावत असे. कौतुक कुणाला नको असते?

आणि इथेच घात झाला. आमच्या खोलीखाली तळणाचे दुकान होते. दुपारी तिथून भाताचे तळलेले गोळे येत. सगळे उभ्याउभ्या खात, बोटे चाटत आणि तसेच येऊन बिजागरीला हात लावत. वर्षानुवर्षे ही चिकट बोटे माझ्या लोखंडाला पुसली जात होती. माझा आवाज हळूहळू खाली गेला. कुणाच्या लक्षात आले नाही. आवाज कमी वाटला की ते ध्वनिग्राहक जवळ सरकवत, एवढेच.

अशातच एका वर्षी ओत्तोरिनोंनी मोठे धाडस केले. या वेळी किल्ला नाही, स्कॉटलंड नाही. गोष्ट आपल्याच टेकड्यांवरची, द्राक्षमळ्यातल्या एका तळघराची, आणि पडद्यावर नाव स्वतःचे. ओत्तोरिनो काम्पानेल्ला. आमिल्कारेचे हात तेव्हा थरथरू लागले होते, तो घरीच असे. पण त्याचेही खरे नाव पडद्यावर येणार असे एर्सिलियाने ओत्तोरिनोंकडून कबूल करून घेतले होते. निर्माता कुरकुरला, पण शेवटी म्हणाला, शेवटचा प्रसंग पाहतो आणि मग ठरवतो. त्या शेवटच्या प्रसंगात नायिका अंधारात उभी असते आणि तळघराचे दार उघडते. दुसरे काहीही नाही. फक्त दार.

निर्माता येऊन बसला. सगळ्यांनी रीतीप्रमाणे बिजागरीला हात लावला. एर्सिलियाने मला ओढले.

मी उघडले. लोण्यात सुरी फिरावी तसे. हूं नाही की चूं नाही.

तिने पुन्हा ओढले, ढकलले, वर उचलून ओढले. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ओरडायचा प्रयत्न केला, पण माझ्या गळ्यात तूप ओतले होते. कुणीतरी म्हणाले, जुन्या सिनेमातला आवाज वापरा. ओत्तोरिनो म्हणाले, तो आवाज सगळ्यांना पाठ आहे, हसतील. मग ते मटकन खाली बसले.

"अपशकुन आहे हा," ते म्हणाले. "दार मुकं झालं. खरी नावं नकोतच. व्हिटलोच बरा."

निर्मात्याला हेच हवे होते. तो टोपी घालून उठला. तोवर एर्सिलिया माझ्याजवळ वाकली होती. तिने बिजागरीवरून बोट फिरवले, ते नाकाशी नेले आणि वळून उभी राहिली.

"अपशकुन नाही उस्ताद, तळण आहे," ती म्हणाली. "तुम्ही सगळे मिळून या दाराला आपली भीती चोपडत होतात. तिची चरबी चढलीय त्याला. आणि आता तेच दार दाखवून काकांचं नाव पुसता?"

निर्माता म्हणाला, उद्या दुपारपर्यंत वाट बघतो. एर्सिलियाने त्याला दार दाखवले, म्हणजे खरे दार.

काकाने हसत सांगितलेली दोमितिल्लाची गोष्ट तिला आठवत होती. तिने मला चौकटीतून उतरवले, खुंट्या काढल्या आणि गच्चीवर नेल्या. मागच्या गल्लीतल्या भटारखान्यातून राख आणली, खाली कुणाच्या तरी घरून आंबलेली वाइन मागून आणली आणि पदर खोचल्यासारखी बाह्या वर सारून घासत बसली. लोखंड उघडे पडेपर्यंत घासले. मला झोंबले, फार झोंबले. पण मी म्हणत होते, घास बाई, अजून घास.

दुसऱ्या दिवशी तीच माणसे, तीच खोली. मला पुन्हा चौकटीत बसवले होते. पडद्यावर नायिका अंधारात उभी राहिली. ओत्तोरिनोंचा हात सवयीने माझ्या बिजागरीकडे आला. एर्सिलियाने त्यावर सटकन चापट मारली.

"घाबरायचं तर कोरडे घाबरा," ती म्हणाली.

आणि तिने मला उघडले. आधी काहीच नाही. मग खालून, पार तळघरातून यावा तसा एक आवाज निघाला. घोगरा, ओला, लांबत जाणारा. पूर्वी मी दुसऱ्यांच्या किल्ल्यांसाठी ओरडले होते, त्या दिवशी मी माझ्या गावच्या भाषेत ओरडले. निर्माता खुर्चीत मागे सरकला आणि त्याचा हात खिशातल्या किल्ल्यांवर गेला. त्या किल्ल्या लोखंडाच्या होत्या. एर्सिलियाने तेवढे पाहिले आणि तिला पुरले. नाव बदलायचे नाही, असे निर्माता आपण होऊन म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा एर्सिलिया आमिल्कारेला घेऊन मोहल्ल्यातल्या थिएटरात गेली. नावे येऊ लागली. आपले नाव आल्यावर म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी दार करकरले तेव्हा तो शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "ते माझं दार आहे." हे मला एर्सिलियाने येऊन सांगितले. मी दार आहे, मला डोळे नाहीत, नाहीतर त्या दिवशी ते कोरडे राहिले नसते.

त्यानंतर चांगले दिवस फार टिकले नाहीत. पडद्यावर प्रेते उठून माणसे खाऊ लागली आणि आमच्या खोलीत खाटकाकडची आतडी येऊ लागली. तेही मी निभावले. मग घरोघर दूरदर्शन आले, थिएटरे ओस पडली, कुठे गाड्या उभ्या राहू लागल्या, कुठे गाद्यांचे दुकान निघाले. आमच्या खोलीला टाळे लागले. मी अंधारात उभे राहिले आणि माझ्यावर गंज चढला. लोक याला उपेक्षा म्हणतील. मी म्हणते, माझा गळा तयार होत होता.

शेवटी एर्सिलियाने मला रोममधल्या एका संग्रहालयाला देऊन टाकले. देताना तिने एकच अट तोंडी घातली, याला तेल लावायचे नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. गेल्या हिवाळ्यात एर्सिलिया गेली आणि तिच्याबरोबर तिची अटही गेली. आता माझी बाजू घेणारे कुणी उरले नाही.

मागच्या आठवड्यात जतन विभागाच्या बाई आल्या. चांगल्या बाई होत्या, हातात पांढरे मोजे, बोलणे मऊ. सोबतच्या रखवालदाराला त्या म्हणाल्या, "बिचाऱ्याची किती आबाळ केलीय. आज याला नीट तेल देऊ." त्याच वेळी शाळेची सहल आली होती आणि मुले दंगा करत होती. बाईंच्या हातात तेलाची बाटली होती. माझी बिजागरी आतल्या अंगाला आहे. तिथे तेल सोडायचे तर मला उघडावेच लागते.

बाईंनी मला उघडले.

मी आमिल्कारेसाठी ओरडले, दोमितिल्लासाठी ओरडले, एर्सिलियासाठी ओरडले. मुलांचा दंगा जागच्या जागी थांबला. रखवालदाराचा हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला. मग मागून एक चिमुरडी हळूच म्हणाली, "पुन्हा उघडा ना."

बाईंनी बाटलीचे झाकण घट्ट लावले आणि मला पुन्हा उघडले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण ती वस्तू कशासाठी जगली हे आधी विचारा. सुरीला धार लावा, घड्याळाला किल्ली द्या, पुस्तकावरची धूळ झटका. मला मात्र माझा गंज राहू द्या. आणि भीती वाटली तर खुशाल लोखंडाला हात लावा, पण ते लोखंड माझे नको.